प्रेझेंट कंटिन्युअस टेन्स: इंग्रजीतला चालू वर्तमानकाळ

प्रेझेंट कंटिन्युअस म्हणजे इंग्रजीतला चालू वर्तमानकाळ, काही पुस्तकांत याला अपूर्ण वर्तमानकाळ किंवा प्रेझेंट प्रोग्रेसिव्ह पण म्हणतात. रचना सोपी आहे, कर्त्याप्रमाणे ॲम, इज किंवा आर घ्यायचं आणि मुख्य क्रियापदाला आयएनजी लावायचं: 'आय ॲम रीडिंग', 'शी इज रीडिंग', 'दे आर रीडिंग'. नकार असेल तर मध्ये नॉट, प्रश्न असेल तर आर किंवा इज आधी, 'आर यू लिसनिंग?' असं. स्पेलिंग तेवढं सांभाळायचं, राइटचा शेवटचा ई जातो, रनचा एन डबल होतो, लायमधल्या आयईचा वाय होतो.

आत्ता या क्षणी चाललेली गोष्ट एवढाच याचा वापर शिकवला जातो आणि खरी अडचण तिथेच सुरू होते. 'शी इज लर्निंग टू ड्राइव्ह' हे ती घरात झोपलेली असतानाही बरोबर आहे, कारण शिकणं सध्या चालू आहे आणि कधीतरी संपणार आहे. 'आय लिव्ह हिअर' म्हटलं की कायमचं राहणं, 'आय ॲम लिव्हिंग हिअर' म्हटलं की सध्यापुरतं. हळूहळू बदलणाऱ्या गोष्टींनाही हाच काळ, 'द डेज आर गेटिंग लाँगर'. ठरलेला बेत सांगायलाही चालतो, 'वी आर लीव्हिंग टुमॉरो', आणि ऑलवेज जोडलं की बऱ्याचदा वैताग दिसतो, 'ही इज ऑलवेज लूजिंग हिज कीज'.

नो, वाँट, बिलीव्ह, ओन अशी क्रियापदं कृती नाही तर स्थिती दाखवतात, म्हणून 'आय ॲम नोइंग' चुकीचं धरतात. पण यादी पाठ करून भागत नाही, अर्थ बघावा लागतो: 'आय थिंक यू आर राइट' हे मत झालं आणि 'आय ॲम थिंकिंग अबाउट इट' म्हणजे विचार खरंच चाललाय. तसंच 'आय हॅव अ कार' पण 'आय ॲम हॅविंग लंच'.

मराठी माणसाला सगळ्यात जास्त फसवणारी जागा वेगळीच आहे आणि ती नीट समजावून सांगायलाच हवी. आपण तो झोपलाय, ती बसलीय, तिने निळा ड्रेस घातलाय असं म्हणतो, म्हणजे क्रिया झाली आणि तिची अवस्था उरली असं आपण बोलतो, इंग्रजी मात्र ती अवस्थाच चालू धरते, 'ही इज स्लीपिंग', 'शी इज सिटिंग', 'शी इज वेअरिंग अ ब्लू ड्रेस'. इथे 'शी हॅज वोर्न' म्हटलं तर ऐकणाऱ्याला पूर्वी कधीतरी घातला होता असं वाटू शकतं.

उलट बाजूने, मी दोन वर्षांपासून इथे काम करतोय या वाक्यात मराठीत करतोय असलं तरी 'आय ॲम वर्किंग हिअर सिन्स टू इयर्स' होत नाही, आधीपासून आत्तापर्यंतची मुदत आली की प्रेझेंट परफेक्ट कंटिन्युअस लागतो, 'आय हॅव बीन वर्किंग हिअर फॉर टू इयर्स', आणि सिन्स फक्त सुरुवातीच्या वेळेसोबत येतं, जसं 'सिन्स 2022' किंवा 'सिन्स मंडे'.