सौर प्रोटॉनांचे वेगवर्धन

सूर्याच्या किरीटातील, म्हणजे त्याच्या सर्वांत बाहेरच्या वातावरणातील, प्रोटॉनांना कोट्यवधी, क्वचित अब्जावधी इलेक्ट्रॉन व्होल्ट (कणांची ऊर्जा मोजण्याचे एकक) ऊर्जा मिळवून देणाऱ्या प्रक्रियांना सौर प्रोटॉनांचे वेगवर्धन म्हणतात. किरीटाचे तापमान १० ते २० लाख केल्व्हिन असले, तरी त्या उष्णतेतून एका प्रोटॉनाच्या वाट्याला सरासरी शे-दोनशे इलेक्ट्रॉन व्होल्टच येतात. बाकीची सारी ऊर्जा चुंबकीय क्षेत्रात साठलेल्या ऊर्जेतून येते.

चुंबकीय क्षेत्र विद्युतभारित कणाला वळवते, त्याची ऊर्जा मात्र वाढवत नाही. ते काम विद्युत क्षेत्राचे. पण किरीटातील प्लाझ्मा, म्हणजे विद्युतभारित कणांचा वायू, उत्तम विद्युतवाहक असल्याने त्यात मोठे विद्युत क्षेत्र सहसा टिकत नाही. म्हणून चुंबकीय क्षेत्र झपाट्याने बदलते किंवा वेगाने सरकते, तेथेच वेगवर्धन घडते. सौर ज्वालेत, म्हणजे सूर्यावरील अचानक होणाऱ्या ऊर्जेच्या उद्रेकात, परस्परविरुद्ध दिशांच्या चुंबकीय बलरेषा तुटून नव्याने जोडल्या जातात, हे त्याचे एक स्थान.

दुसरे स्थान किरीटातून सेकंदाला हजार किलोमीटरहून अधिक वेगाने उसळणाऱ्या द्रव्यमेघापुढील आघात तरंगाचे, म्हणजे त्याच्या वेगामुळे पुढे तयार होणाऱ्या तीव्र दाबाच्या लाटेचे. तरंगाच्या दोन्ही बाजूंच्या चुंबकीय खळबळीमुळे प्रोटॉन तो पुन्हापुन्हा ओलांडतो आणि पुढे येणाऱ्या बॅटवर आदळलेल्या चेंडूप्रमाणे प्रत्येक फेरीत थोडी ऊर्जा मिळवतो. ही मूळ कल्पना एन्रिको फेर्मी यांनी १९४९ मध्ये विश्वकिरणांसाठी, म्हणजे अवकाशातून येणाऱ्या अतिवेगवान कणांसाठी, मांडली होती. आघात तरंगांना ती १९७७-७८ च्या सुमारास लागू करण्यात आली.

वेगवर्धित प्रोटॉन सूर्याच्या पृष्ठभागाकडेही कोसळतात, याचा पुरावा ४ ऑगस्ट १९७२ च्या ज्वालेने दिला. प्रोटॉनांच्या माऱ्याने अणुकेंद्रांतून निघालेले न्यूट्रॉन हायड्रोजनाने पकडले, की २२.२ लाख इलेक्ट्रॉन व्होल्टचे गॅमा किरण बाहेर पडतात. ते ओएसओ-७ उपग्रहाने टिपले. पृथ्वीकडे निघालेल्या प्रोटॉनांची चाहूल त्याआधीच लागली होती. अमेरिकी भौतिकशास्त्रज्ञ स्कॉट फोरबुश यांच्या उपकरणांनी फेब्रुवारी व मार्च १९४२ मध्ये जमिनीवर विश्वकिरणांची अचानक वाढ नोंदवली होती. एक अब्ज इलेक्ट्रॉन व्होल्टच्या प्रोटॉनाचा वेग प्रकाशाच्या सुमारे ८८ टक्के असल्याने, वक्र बलरेषेवरून येऊनही तो साधारण ११-१२ मिनिटांत पृथ्वी गाठू शकतो.

अब्जावधी इलेक्ट्रॉन व्होल्टचे प्रोटॉन ज्वालेत घडतात की आघात तरंगात, यावर एकमत नाही. ७ मार्च २०१२ च्या उद्रेकानंतर फेर्मी या अवकाश दुर्बिणीला सुमारे २० तास उच्च ऊर्जेचे गॅमा किरण दिसत राहिले. ज्वाला तर केव्हाच विझली होती. त्यामुळे तरंगाची बाजू बळकट वाटते, परंतु बलरेषांच्या कमानींत प्रोटॉन अडकून राहिले असावेत, हाही पर्याय अभ्यासक विचारात घेतात.