कॉलरबोन मोडल्यावर डोंगरात परत केव्हा?

26 जुलै 2021 रोजी जपानमधल्या इझू इथे ब्रिटनच्या टॉम पिडकॉकने माउंटन बायकिंगचे ऑलिंपिक सुवर्णपदक जिंकले. मे महिन्याच्या अखेरीस सराव करताना मोटारीची धडक बसून त्याचे कॉलरबोन, म्हणजे छातीच्या मधल्या हाडापासून खांद्यापर्यंत जाणारे आडवे हाड, मोडले होते. शस्त्रक्रिया करून प्लेट बसवली गेली आणि आठ आठवड्यांनी तो शर्यतीला उभा राहिला. कॉलरबोन मोडलेला प्रत्येक सायकलस्वार हे उदाहरण आपल्या ऑर्थोपेडिक डॉक्टरांना ऐकवतो. डॉक्टर मात्र सहसा विरघळत नाहीत. आठव्या आठवड्यात अशा खांद्यावरचा बराचसा भार धातूची प्लेट पेलत असते आणि खालचे हाड अजून सांधत असते, हे त्यांना ठाऊक असते. एकविशीतल्या व्यावसायिक खेळाडूच्या दिमतीला रोज फिजिओ असतो, डॉक्टर असतात. सोमवारी ऑफिस गाठायचे असलेल्या माणसाचे गणित वेगळे आहे.

खांदा आणि धड यांना जोडणारा हाडांचा दुवा एकच, तो म्हणजे हे कॉलरबोन. बाकी सगळा हात स्नायूंच्या आधारावर लटकलेला असतो. इंग्रजी एस अक्षरासारख्या वळणाच्या या हाडाचा मधला भाग सगळ्यांत बारीक असतो आणि तिथे बळकटी देणारे अस्थिबंधही नसतात. कॉलरबोनच्या दर दहा फ्रॅक्चरांपैकी सुमारे आठ तिथेच होतात. मोडल्यावर मानेचा स्नायू छातीकडचा तुकडा वर ओढतो, हाताच्या वजनाने बाहेरचा तुकडा खाली येतो आणि छातीचा मोठा स्नायू खांद्याला आत खेचतो. त्यामुळे दोन्ही टोके एकमेकांवर चढतात, खांदा आखूड दिसतो आणि कातडीखाली टेंगूळ उभे राहते.

डोंगरातल्या सायकलींवर हेच हाड इतके का मोडते, याचे उत्तर पडण्याच्या पद्धतीत आहे. कॅनडातल्या व्हिसलर बाइक पार्कच्या 2009 च्या हंगामात जखमी झालेल्या 898 जणांची नोंद तपासली गेली. त्यांत 420 फ्रॅक्चर होती आणि त्यांपैकी सुमारे तीन चतुर्थांश खांद्यापासून बोटांपर्यंतच्या भागातली होती. पुढचे चाक दगडात, खड्ड्यात किंवा ब्रेकमुळे अडते, पण स्वाराचे शरीर त्याच वेगाने पुढे जाते आणि माणूस हँडलवरून उडतो. हात पुढे टाकला तर मनगट मोडते. अंग वळवून घेतले तर खांद्याची बाहेरची बाजू जमिनीवर आपटते आणि तो धक्का कॉलरबोनमधून छातीच्या हाडापर्यंत जातो. पिडकॉक जिंकला त्याच शर्यतीत नेदरलँड्सचा माथ्यू व्हान डर पूल पहिल्याच फेरीत एका ड्रॉपवर, म्हणजे वाटेतल्या छोट्या कड्यावर, असाच पडला. सरावात तिथे असलेली फळी शर्यतीत काढलेली होती. वजन मागे न नेता तो कड्यावरून उतरला, पुढचे चाक खाली गेले आणि बाकीचे गुरुत्वाकर्षणाने केले.

सपाट रस्त्यावर पुढचा ब्रेक सुमारे 0.5 ते 0.6 जी (गुरुत्वाकर्षणाच्या जोराच्या साधारण निम्म्या) इतक्या जोरात लागला की मागचे चाक उचलते. उतारावर ही मर्यादा आणखी खाली येते, कारण शरीराचा गुरुत्वमध्य आधीच पुढच्या चाकाकडे सरकलेला असतो. चालवता चालवता सीट खालीवर करणाऱ्या ड्रॉपर पोस्टचा उपयोग इथेच कळतो. सीट खाली गेली की कंबर मागे आणि खाली नेता येते. पुढच्या चाकाला धरणाऱ्या, धक्के शोषणाऱ्या फोर्कमध्ये हवा कमी असली तर ब्रेक लावताच फोर्क खोल दबतो आणि सायकल नाक खाली करते. आणखी एक कारण तर फुकटात टळते. भारतात विकल्या जाणाऱ्या बहुतेक सायकलींचा पुढचा ब्रेक उजव्या हाताला असतो, तर अमेरिका आणि युरोपच्या बऱ्याच भागात तो डाव्या हाताला असतो. मित्राची परदेशातून आणलेली सायकल घेऊन उतारावर निघायचे असेल तर आधी सपाटीवर दोन्ही लिव्हर एकेकदा हळू दाबून पाहावेत. घाबरलेला हात सवयीचाच लिव्हर ओढतो.

पडल्यावर आधी डोके तपासायचे, हाड नंतर. शुद्ध हरपली होती का, पडण्याच्या आधीचे आठवते का, तोच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारला जातो आहे का? पुन्हा पुन्हा उलटी, वाढत जाणारी डोकेदुखी, गुंगी किंवा डोळ्यांच्या बाहुल्या लहानमोठ्या दिसणे यांपैकी काहीही असले तर थेट रुग्णालय गाठावे. मान दुखत असेल किंवा हातापायांना मुंग्या येत असतील तर जखमीला न हलवता 108 किंवा 112 ला फोन करावा. डोक्याला मार लागलेल्या माणसाने ‘मी ठीक आहे’ म्हटले तरी त्या दिवशी त्याला पुन्हा सायकलीवर बसू द्यायचे नाही.

मग खांदा. मोडलेल्या बाजूची मनगटातली नाडी लागते का आणि बोटांना स्पर्श कळतो का, ते पाहावे. हाताकडे जाणारी मोठी रक्तवाहिनी आणि मज्जातंतूंचा जुडगा याच हाडाच्या खालून जातो आणि फुप्फुसाचे टोकही जवळच असते. हात गार पडला, बोटे बधिर झाली, दम लागू लागला, कातडी फाटली किंवा हाडाच्या टोकावर कातडी ताणून पांढरी पडली, तर वाट पाहण्यात अर्थ नाही. एरवी घाई नसते. कोपर काटकोनात वाकवून पंजा कोपरापेक्षा थोडा वर राहील अशी झोळी करावी. ओढणी किंवा पंचा उत्तम. काहीच नसेल तर सायकलची जादा ट्यूब गळ्यात बांधावी, किंवा टी-शर्टचा खालचा घेर हातावर दुमडून सेफ्टी पिनांनी अडकवावा. पाठीवरची बॅग आधी काढून घ्यावी. कपडे काढताना चांगला हात आधी आणि दुखरा नंतर, घालताना नेमके उलट. सह्याद्रीत गाडीरस्त्यापर्यंतच तासभर चालावे लागते, म्हणून ही झोळी पक्की हवी. लोंबता हात प्रत्येक पावलाला तुकडे हलवतो.

रुग्णालयात एक्स-रे शक्य असल्यास उभे राहून काढावा. आडवे झाल्यावर हाताचे वजन निघून जाते आणि सरकलेली टोके आहेत त्यापेक्षा जवळ दिसू शकतात. तुकडे फारसे सरकलेले नसतील तर आर्म पाउच (हात ठेवायची तयार झोळी) पुरते, यावर मतभेद नाही. पाठीवरून आठच्या आकड्यासारखा घट्ट बांधायचा क्लॅव्हिकल ब्रेस आपल्याकडे अजून सर्रास दिला जातो, पण साध्या झोळीशी केलेल्या तुलनेत त्याने हाड अधिक चांगले जुळते असे दिसले नाही, त्रास मात्र जास्त झाला. तो काखेत काचून हाताला मुंग्या येत असतील तर सहन करत बसू नये, डॉक्टरांना सांगून सैल करून घ्यावा.

खरा वाद आहे तो मधोमध मोडून पूर्ण सरकलेल्या हाडाबद्दल. कॅनडातल्या ऑर्थोपेडिक सर्जनांच्या गटाने 2007 मध्ये प्रसिद्ध केलेल्या चाचणीत असे 132 रुग्ण होते. काहींना प्लेट बसवली, काहींना फक्त झोळी दिली. प्लेटच्या गटात शेवटपर्यंत तपासलेल्या 62 जणांपैकी 2 जणांचे हाड जुळले नाही, झोळीच्या गटात 49 पैकी 7 जणांचे. एक्स-रेवर हाड जुळायला प्लेटने सरासरी 16.4 आठवडे लागले, झोळीने 28.4 आठवडे. या आकड्यांकडे दोन्ही बाजूंनी पाहावे लागते. प्लेटने हाड लवकर आणि जास्त खात्रीने जुळते, हे खरे. झोळीच्या गटातल्या 49 पैकी 42 जणांचे हाड चाकू न लागता जुळले, हेही खरे. आमचा कौल असा: हाड दोन सेंटिमीटर किंवा त्याहून अधिक आखडले असेल, मधे तुकडे तुकडे झाले असतील, किंवा हातांवर भार घेणे हे रोजचेच काम असेल, तर शस्त्रक्रियेचा पर्याय गांभीर्याने विचारावा. इतरांनी झोळीला कमी लेखू नये. शस्त्रक्रिया करायचीच असेल तर ती पहिल्या दोन-तीन आठवड्यांत केलेली सोयीची. पहिल्याच रात्री निर्णय घ्यावा लागत नाही.

प्लेटची किंमतही आधी माहीत हवी. मोडलेल्या जागेच्या दोन्ही बाजूंना साधारण तीन-तीन स्क्रू लागतात. छेदाच्या खाली छातीवर एक बधिर पट्टा राहतो, कारण कातडीच्या बारीक संवेदना-नसा तिथूनच जातात. तो काळानुसार आक्रसतो, काहींचा कायम राहतो. हाडाच्या वरच्या अंगाला बसवलेली प्लेट बॅगेच्या पट्ट्याखाली टोचते. पुढच्या-खालच्या अंगाला बसवलेली तुलनेने कमी टोचते. पाठीवर पाण्याची बॅग घेऊन सायकल चालवणाऱ्याने हा प्रश्न शस्त्रक्रियेआधी सर्जनला विचारावा, नंतर विचारून उपयोग नसतो.

आता आठवड्यांकडे येऊ. पहिल्या आठवड्यात मोडलेल्या जागी रक्ताची गाठ असते आणि सूज असते. आडवे झोपवत नाही. पाठीला उशा लावून अर्धवट बसून आणि कोपराखाली एक उशी घेऊन झोप लागते. बोटे, मनगट आणि कोपर पहिल्या दिवसापासून हलवायचे. दिवसातून तीन-चार वेळा पाउचमधून हात काढून कोपर पूर्ण सरळ करावे, नाहीतर कोपरच आखडते. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यापर्यंत तंतू आणि कूर्चा यांचा मऊ सांधा तयार होतो. मग तुकड्यांची करकर थांबते आणि वेदना झपाट्याने उतरते.

घोटाळा इथेच होतो. वेदना तुकड्यांच्या हालचालीमुळे होत होती. हालचाल थांबली म्हणून वेदना थांबली, पण मऊ सांधा भार पेलू शकत नाही. त्यात कॅल्शियम भरून कठीण हाड व्हायला साधारण सहा ते बारा आठवडे लागतात आणि मूळचा आकार यायला कित्येक महिने. प्लेट असेल तर वेदना आणखी लवकर जाते, त्यामुळे फसगतही मोठी होते. हाड जुळण्याआधी प्लेटवर पुन्हा पुन्हा भार आला तर धातू थकतो, स्क्रू सैल होतात, प्लेट वाकते किंवा तुटते. चौथ्या ते आठव्या आठवड्यातला ‘आता काहीच दुखत नाही’ हा काळ म्हणून सगळ्यांत जोखमीचा. बारीक दगडांच्या उतारावर उभे राहून सायकल चालवताना शरीराचा भार हातांतून खांद्यात आणि तिथून थेट या हाडाच्या लांबीत जातो, शिवाय प्रत्येक धक्क्याला तो वाढतो.

पायांनी मात्र इतकी वाट पाहायची गरज नाही. दुखणे आटोक्यात आले आणि डॉक्टरांनी होकार दिला की होम ट्रेनरवर (सायकल जागेवरच चालवण्याच्या स्टँडवर) पाठ ताठ ठेवून एका हाताने आधार घेत पेडल मारता येतात. घाम टाक्यांवर किंवा पाउचमध्ये साचू देऊ नये. पुढे वाकून हात सैल सोडून लंबकासारखे झोके देणे साधारण दुसऱ्या आठवड्यापासून, हात खांद्याच्या वर उचलणे चार ते सहा आठवड्यांनंतर, रबर बँड आणि वजने त्याहून पुढे, एक्स-रे पाहून. या काळात पोटभर प्रथिने घ्यावीत, ड जीवनसत्त्व कमी असेल तर भरून काढावे आणि सिगारेट पूर्ण बंद करावी. हाड न जुळण्यामागच्या कारणांत जे आपल्या हातात आहे असे सगळ्यांत मोठे कारण धूम्रपान हेच. झोळीत तीन-चार महिने होऊनही मोडलेल्या जागी हालचाल जाणवत असेल तर ‘थोडा वेळ लागतोय’ म्हणून सोडून न देता पुन्हा दाखवावे.

ट्रेलवर, म्हणजे डोंगरातल्या सायकलवाटेवर, परतण्याआधी कॅलेंडर पाहण्यापेक्षा खांदा पाहावा. दोन्ही हात सारखे वर जातात का? मोडलेल्या जागेवर बोटाने दाबले तर दुखते का? गुडघे न टेकता दहा-बारा पुश-अप न अडखळता होतात का? एक्स-रेवर हाड जुळल्याचे दिसते का? चारही उत्तरे ठीक आली तर आधी डांबरी रस्ता, मग मुरमाचा कच्चा रस्ता, मग ओळखीचा सोपा ट्रेल. ड्रॉप आणि उड्या शेवटी. साधारण तीन महिन्यांच्या आत हे सगळे क्वचितच जमते.

कॉलरबोनच्या गोंधळात मनगटाकडे दुर्लक्ष होते. अंगठा ताणल्यावर त्याच्या बुडाशी जो खळगा पडतो तिथे दाबून दुखत असेल तर स्कॅफॉइड हे मनगटातले छोटे हाड मोडल्याची शंका घ्यावी, पहिला एक्स-रे स्वच्छ असला तरी. अंगठ्यासह प्लॅस्टर घालून दहा ते चौदा दिवसांनी पुन्हा एक्स-रे काढतात. या हाडाला बरेचसे रक्त बोटांकडच्या टोकातून मिळते, त्यामुळे उपचार चुकले तर मनगटाकडचा तुकडा रक्ताविना मरू शकतो.

सायकलीचीही तपासणी हवी. हेल्मेटचा आतला फोम एकदा दबला की पुन्हा फुगत नाही. डोके आपटले असेल तर बाहेर तडा दिसो न दिसो, हेल्मेट बदलावे. कार्बनचे हँडल आपटले असेल तर ग्रिप काढून टोकांपर्यंत पाहावे आणि शंका आली तर टाकून द्यावे. हँडल फिरले असेल तर स्टेमचे (हँडल सायकलीला जोडणाऱ्या तुकड्याचे) बोल्ट टॉर्क रेंचने, म्हणजे कसण्याचा जोर मोजणाऱ्या पान्याने, स्टेमवर छापलेल्या आकड्याइतकेच कसावेत. तो बहुधा 5 ते 6 न्यूटन मीटर असतो.

शेवटचा प्रश्न प्लेट काढायची का, हा. त्रास नसेल तर ती आयुष्यभर राहू शकते. काढायचीच असेल तर सहसा वर्ष-दीड वर्ष थांबतात. काढल्यावर स्क्रूंची भोके हाडाने भरून यायला वेळ लागतो आणि तोवर हाड त्याच रेषेत पुन्हा मोडू शकते. त्यामुळे ही शस्त्रक्रिया ऐन पावसाळ्याच्या तोंडावर उरकावी, म्हणजे ट्रेल निसरडे असतात ते महिने तसेही घरात जातात.