डग्गा घुमला, पण कुणामुळे?

गेल्या महिन्यात भाचा डोंबिवलीहून आला होता. घरच्या एका खोलीत गाद्या-ब्लँकेटं टांगून त्याने स्टुडिओ थाटलाय, भजनी मंडळांची आणि नवख्या गायकांची रेकॉर्डिंग करतो. आपला हेडफोन त्याने माझ्या जुन्या स्टिरिओ रिसीव्हरला लावला, स्वतःचंच एक मिक्स वाजवलं आणि ओरडलाच, "मामा, डग्गा कसला घुमतोय! माझ्या इंटरफेसवर हे असं ऐकूच येत नाही." (इंटरफेस म्हणजे माइक आणि हेडफोन कॉम्प्युटरला जोडणारी डबी.)

निष्कर्ष तयारच होता. इंटरफेस अशक्त आहे, हेडफोन अॅम्प्लिफायर घ्यायला हवा. एका दुकानदाराने त्याला व्हॉल्व्हवाला, म्हणजे जुन्या रेडिओसारख्या काचेच्या नळ्यांचा, अॅम्प दाखवूनही ठेवला होता. म्हणे 'उबदार' आवाज, आणि आधी दोनशे तास वाजवून मुरवायचा. लोणचं आहे का ते?

ताकदीचा मुद्दा आधी उरकून घेऊ, कारण तो सोपा आहे. हेडफोनच्या खोक्यावर संवेदनशीलता, म्हणजे किती विजेत किती मोठा आवाज, छापलेली असते. समजा, एका मिलिवॉटला ९६ डेसिबल. संगीतातले क्षणिक उंच ठोके ११० डेसिबलपर्यंत निभावून न्यायचे तर आणखी १४ डेसिबल लागतात, म्हणजे साधारण २५ मिलिवॉट. हेडफोन ३२ ओहमचा असेल तर त्याला ०.९ व्होल्ट पुरतात, २५० ओहमचा असेल तर २.५ व्होल्ट लागतात. दोन वॉटचा अॅम्प घेऊन कानाला काही जास्त मिळत नाही, मिळालाच तर बहिरेपणा. भाच्याचा हेडफोन ३२ ओहमचा. तेवढे व्होल्ट त्याचा इंटरफेस आरामात देतो. मग डग्गा घुमला कशाने?

इथून पुढे माझा आवडता विषय.

घरात निकामी रेडिओतला एखादा सुटा स्पीकर असेल तर तो हातात घ्या. पडद्यावर बोटाने हलकेच टिचकी मारा. 'बुम्म' असा आवाज येईल. आता स्पीकरची दोन्ही टोकं तारेच्या तुकड्याने जोडा आणि पुन्हा टिचकी मारा. आवाज 'ठप्प' असा येतो, जणू पडद्यामागे कुणी बोट टेकवलंय. वीज नाही, अॅम्प नाही, नुसती एक तार!

घडतं ते असं. पडद्याला चिकटलेली कॉइल चुंबकाच्या फटीत हलते. चुंबकीय क्षेत्रात तार हलली की तिच्यात वीज निर्माण होते. दहावीतला फ्लेमिंगचा उजव्या हाताचा नियम तो हाच. म्हणजे स्पीकर हा जनित्रही आहे. (हेडफोन माइकच्या भोकात खुपसून त्यात बोलून बघा, बोललेलं रेकॉर्ड होतं.) टोकं जोडली की या विजेला वाट मिळते, प्रवाह वाहतो आणि तो पडद्याच्या हालचालीलाच विरोध करतो.

हेडफोनमध्येही तेच. प्रत्येक पडद्याची एक स्वाभाविक कंप्रता (वारंवारता) असते. झोपाळ्याला त्याच्या लयीत धक्का दिला की थोड्याशा जोरात तो उंच जातो, तसा या कंप्रतेला पडदा थोड्या विजेत भरपूर हलतो. भरपूर हलला की उलटं व्होल्टेजही भरपूर तयार करतो आणि अॅम्पकडून येणाऱ्या प्रवाहाला मागे रेटतो. अॅम्पला वाटतं, हेडफोनचा इंपिडन्सच (प्रवाहाला होणारा विरोध, तो ओहममध्ये मोजतात) वाढला. म्हणून खोक्यावरचे '३२ ओहम' हा एक नाममात्र आकडा. कुठल्या कंप्रतेला किती इंपिडन्स, या भाच्याच्या हेडफोनच्या आलेखात ९० हर्ट्झच्या आसपास टेकडी आहे आणि तिचा माथा ६० ओहमला. डग्ग्याचा घुमारा साधारण याच परिसरात नांदतो.

आता अॅम्पच्या पोटात शिरू. प्रत्येक अॅम्पच्या आत स्वतःचा थोडा इंपिडन्स असतो, त्याला आउटपुट इंपिडन्स म्हणतात. अॅम्पचं व्होल्टेज या आतल्या ओहममध्ये आणि हेडफोनमध्ये वाटलं जातं. ज्याचे ओहम जास्त, त्याचा वाटा मोठा. भाऊबंदकीतल्या वाटणीपेक्षा हा न्याय सरळ आहे. जुन्या रिसीव्हरमध्ये बहुधा स्पीकरच्याच वाटेवर एक मोठा रोधक टाकून हेडफोनचं भोक काढलेलं असतं. माझ्यात तो १२० ओहमचा निघाला. हा आकडा अगदीच कुणाच्या मनचा नाही, आयईसी या आंतरराष्ट्रीय विद्युत मानक संस्थेच्या १९९६ च्या मानकातही १२० ओहमच होता.

हिशेब करा. एरवी हेडफोनचा वाटा ३२ भागिले १५२, म्हणजे ०.२१. टेकडीच्या माथ्यावर ६० भागिले १८०, म्हणजे ०.३३. या दोन वाट्यांचं गुणोत्तर डेसिबलमध्ये मांडलं तर फरक येतो ४ डेसिबल. बाकीचं गाणं होतं तिथेच आहे, डग्गा तेवढा ४ डेसिबलने वर! रिसीव्हर 'ताकदवान' वगैरे काही नाही, तो फक्त वाटणी चुकवतोय. आतला रोध १ ओहम असता तर हाच फरक ०.१२ डेसिबल झाला असता, जो कुणाच्या कानाला कळत नाही.

सेन्हायझरचा एचडी ६०० घेतला तर गोष्ट बदलते. तो ३०० ओहमचा, माथा सुमारे ५०० ला. त्याच रिसीव्हरवर फरक जेमतेम १ डेसिबल. व्हॉल्व्हच्या अॅम्पचा आउटपुट इंपिडन्सही बहुधा जास्त असतो. म्हणून त्याच्याशी असल्या जास्त ओहमच्या हेडफोनचं जमतं, आणि ३२ ओहमवाल्याला तोच अॅम्प 'उबदार' भासतो. त्या उबेतला बराचसा भाग ओहमचा नियम आहे. (चपट्या पडद्याच्या, 'प्लॅनर मॅग्नेटिक' हेडफोनांचा आलेख जवळजवळ सपाट असतो, त्यांना ही भानगड लागूच नाही.)

ढोबळ नियम असा: अॅम्पचा आउटपुट इंपिडन्स हेडफोनच्या आठव्या भागाहून कमी हवा. ३२ ला ४. पण हा आकडा जाहिरातीत सहसा नसतो. तिथे वॉट असतात आणि सोन्याचा मुलामा असतो. वायरीवर बाण छापून 'वीज या दिशेने न्या' सांगणारेही आहेत. अहो, ध्वनीचा संकेत प्रत्यावर्ती असतो, सेकंदाला शेकडो वेळा दिशा बदलतो. तो बाण वाचणार कधी?

आकडा घरी काढता येतो. भाच्याला मी पुण्याच्या तपकीर गल्लीतल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात पिटाळून ३३ ओहमचा रोधक आणायला लावला. इंटरफेसमधून १०० हर्ट्झचा सूर सोडला, मल्टिमीटर एसी व्होल्टवर: ४०० मिलिव्होल्ट. रोधक जोडला: ३०८. फरक ९२, भागिले ३०८, गुणिले ३३, उत्तर सुमारे १० ओहम. म्हणजे त्याचा इंटरफेसही साव नव्हता, डग्ग्याला तोही १ डेसिबल फुकटचा देत होता. त्या खोट्या घुमाऱ्यावर विसंबून भाचा मिक्समध्ये डग्गा खाली ओढत होता. "काका, डग्गा कुठे गेला?" ही मंडळांची तक्रार त्यातूनच आली असावी.

व्हॉल्व्हवाला अॅम्प त्याने घेतला नाही. सध्या तो ॲपलचा टाइप-सी ते ३.५ मिमीचा चिमुकला अॅडॅप्टर लॅपटॉपला लावून मिक्स करतो: आउटपुट इंपिडन्स १ ओहमच्या आसपास, व्होल्टेज जास्तीत जास्त सुमारे १. उद्या २५० ओहमचा हेडफोन घेतला तर हे व्होल्ट कमी पडतील, तेव्हा अॅम्पचं बघू.

मी मात्र रात्री जुन्या रिसीव्हरवरच ऐकतो. ४ डेसिबल खोटे आहेत, पण मला कुठे मिक्स करायचंय.