नर्सने निबंध लिहावा की पत्र? आयईएलटीएस आणि ओईटीची पार्श्वभूमी

ब्रिटनला जाऊ पाहणाऱ्या नर्सपुढे इंग्रजीच्या दोन परीक्षा असतात: सर्वसाधारण इंग्रजीची आयईएलटीएस आणि खास आरोग्य व्यवसायांसाठीची ओईटी. आयईएलटीएसमध्ये तिला एखाद्या सामाजिक प्रश्नावर किमान 250 शब्दांचा निबंध लिहावा लागतो. ओईटीमध्ये केस नोट्स वाचून रुग्णाची पुढची जबाबदारी सोपवणारं 180 ते 200 शब्दांचं पत्र लिहावं लागतं. तिथे नर्स म्हणून नोंदणी करायला दोन्ही चालतात, पण त्यांचे स्वभाव इतके वेगळे का, याचं उत्तर चार दशकं मागे सापडतं.

आयईएलटीएसची पूर्वज ईएलटीएस 1980 साली सुरू झाली. तिच्यात विषयानुसार वेगळ्या प्रश्नपत्रिका होत्या आणि त्यांत वैद्यकाचीही एक होती. 1989 मध्ये आयडीपी ही ऑस्ट्रेलियाची शिक्षणसंस्था सामील झाली, परीक्षेचं नाव आयईएलटीएस झालं आणि विषयांचे तीनच गट उरले. वैद्यक जीवशास्त्रासोबत एका गटात गेलं. 1995 मध्ये तेही गट मोडून सर्वांना एकच ‘अकॅडेमिक’ परीक्षा आली. विद्यापीठात शिकायला जाणाऱ्यांसाठी हे सोयीचं होतं. पण वॉर्डात काम करणाऱ्यांचं इंग्रजी मोजायलाही पुढे हीच परीक्षा सर्रास वापरली गेली.

ऑस्ट्रेलियाने उलटी वाट धरली. स्थलांतरित डॉक्टर-नर्सना नोंदणी देताना सर्वसाधारण इंग्रजी तपासणं त्यांना अपुरं वाटत होतं. 1980च्या दशकाच्या उत्तरार्धात मेलबर्नचे भाषाशास्त्रज्ञ टिम मॅक्नमारा यांनी सरकारसाठी ओईटीचा आराखडा केला. दवाखान्यात माणसं प्रत्यक्षात काय बोलतात, काय लिहितात, यावर तो उभा होता. आज ही परीक्षा 12 व्यवसायांसाठी आहे. मात्र ऐकणं आणि वाचन सर्वांना एकच असतं. फक्त लेखन आणि बोलणं व्यवसायानुसार बदलतं. बोलण्यात सुमारे पाच-पाच मिनिटांचे दोन प्रसंग वठवायचे असतात आणि समोरचा संवादक रुग्ण किंवा नातेवाईक होतो; गुण देणारा परीक्षक वेगळा असतो. गंमत अशी, की बरीच वर्षं इथेही गुण निव्वळ भाषेला मिळत. रुग्णाची भीती ओळखली का, त्याला समजेल असं सांगितलं का, याचे निकष 2018 च्या फेररचनेत आले. त्याच वर्षी 0 ते 500 गुणांची मोजपट्टीही आली. त्यात 350 म्हणजे ‘बी’ आणि 300 म्हणजे ‘सी प्लस’.

ब्रिटनमध्ये नर्सची नोंदणी करणाऱ्या नर्सिंग अँड मिडवायफरी कौन्सिलने 2007 मध्ये आयईएलटीएसची अट 9 पैकी 7 बँडवर (गुणपातळीवर) नेली. युरोपीय संघातल्या नर्सना ती नव्हती. जानेवारी 2016 पासून त्यांनाही भाषेचा पुरावा द्यावा लागला. जुलै 2016 मध्ये संघातून 1,304 नवे नोंदणीदार आले होते, एप्रिल 2017 मध्ये अवघे 46. ब्रेक्झिटचा धक्का होताच, पण ही परीक्षाही एक कारण मानली गेली. इंग्रजी मातृभाषा असलेल्या नर्ससुद्धा लेखनात अडकू लागल्यावर ओरड वाढली. 1 नोव्हेंबर 2017 पासून ओईटी मान्य झाली आणि वर्षभराने आयईएलटीएसच्या लेखनाची अट 6.5 वर आली. ओईटीत लेखनाला ‘सी प्लस’ चालू लागलं ते त्यानंतर. आता वाचन, ऐकणं आणि बोलण्यात 7 किंवा ‘बी’ हवंच. 2023 पासून 12 महिन्यांतल्या दोन प्रयत्नांचे गुण एकत्र धरता येतात. पण कोणत्याही प्रयत्नात एकही घटक अपेक्षेपेक्षा अर्ध्या पायरीहून खाली गेलेला चालत नाही.

भारतात नर्सिंग इंग्रजीतून शिकवतात, मग परीक्षा कशाला, हा प्रश्न नेहमी येतो. ‘शिक्षण इंग्रजीत’ म्हणजे काय, याची कौन्सिलची व्याख्या कडक आहे: अभ्यासक्रमाचा किमान निम्मा भाग प्रत्यक्ष रुग्णसेवेचा हवा आणि त्यातला किमान 75 टक्के संवाद इंग्रजीत झालेला हवा. नाशिक-सोलापूरच्या वॉर्डात रुग्णाशी मराठीतच बोललं जातं, आणि तसंच बोललं पाहिजे. त्यामुळे पुस्तकं इंग्रजी असूनही ही वाट बंद होते. 2023 मध्ये एक खिडकी उघडली: ब्रिटनमध्येच सहायक पदावर किमान एक वर्ष काम केलेलं असेल, तर मालकाचा दाखला पूरक पुरावा म्हणून देता येतो.

डॉक्टरांचं वळण आधी आलं. 1975 पर्यंत मुंबई-पुण्याच्या पदवीवर ब्रिटनमध्ये थेट नोंदणी होई; ती सवलत गेली आणि वैद्यकीय ज्ञानासोबत इंग्रजीही तपासणारी परीक्षा आली. अमेरिकेत डॉक्टरांचा रुग्णसंवाद तपासणारी प्रात्यक्षिक परीक्षा कोविडमध्ये थांबून कायमची बंद झाली, आणि परदेशात शिकलेल्या डॉक्टरांसाठी तिच्या जागी ओईटीची ‘मेडिसिन’ आवृत्ती बसली. नर्स आणि फिजिओथेरपिस्टना मात्र अमेरिकेच्या 1996 च्या स्थलांतर कायद्याचं, परदेशी आरोग्यसेवकांकडून इंग्रजीचाही पुरावा मागणारं कलम 343 लागू होतं. त्याचे अंतिम नियम 2003 मध्ये आले. त्यांत नर्सना आयईएलटीएसचे सरासरी 6.5 आणि बोलण्यात 7 पुरत होते, तर फिजिओंना आयईएलटीएस चालतच नव्हती, टोफेल ही अमेरिकी इंग्रजी परीक्षाच हवी. एकाच कायद्यातला हा भेद वरकरणी विचित्र वाटतो, पण प्रत्येक व्यवसायाचे आकडे वेगळे ठरले होते. म्हणूनच मैत्रिणीला चाललेला बँड आपल्यालाही चालेल, असं गृहीत धरू नये.

निबंधात मुद्दा मांडून तो तडीस नेता येत नसेल, तर ओईटी बरी. पण तिथेही पत्रात केस नोट्स जशाच्या तशा उतरवल्या की गुण जातात: वाचणाऱ्याला काय लागणार तेवढंच घ्यायचं, संक्षेप उलगडायचे. वाचनाच्या ‘ए’ भागात 15 मिनिटांत 20 प्रश्न असतात. वेळ संपली की त्याकडे परत जाता येत नाही. आयईएलटीएस घेणाऱ्यांची जुनी चूक म्हणजे ‘अकॅडेमिक’ऐवजी ‘जनरल’ची नोंदणी; फी आणि दिवस दोन्ही वाया जातात.

ब्रिटनच्या व्हिसाचं आणखी वेगळं. व्यावसायिक नोंदणीसाठी इंग्रजी सिद्ध केलेल्या डॉक्टर-नर्सना व्हिसासाठी ते पुन्हा सिद्ध करावं लागत नाही. फिजिओथेरपिस्टला ही सूट नाही. त्याला ‘आयईएलटीएस फॉर यूकेव्हीआय’सारखी (यूकेव्हीआय म्हणजे ब्रिटनचा व्हिसा विभाग) सरकारमान्य चाचणी किंवा पदवी इंग्रजीतून झाल्याचा, परदेशी पदव्या तपासणाऱ्या एक्टिस या संस्थेचा दाखला लागतो. तेव्हा त्याने सुरुवातीलाच ‘यूकेव्हीआय’ची अकॅडेमिक परीक्षा नोंदवली, तर एकाच निकालावर नोंदणी आणि व्हिसा दोन्ही कामं होऊ शकतात.