आंतरराष्ट्रीय विद्यार्थी चाचण्या : देशांचा सहभाग

निरनिराळ्या देशांतील समान वयाच्या किंवा समान इयत्तेच्या विद्यार्थ्यांना एकच चाचणी देऊन शिक्षणव्यवस्थेची पातळी मोजण्याची पद्धत. पेपर मूल सोडवते, पण गुणपत्रक त्याच्या हाती पडत नाही. निकाल देशाचा लागतो. प्रमुख चाचण्या तीन. ‘टिम्स’ (१९९५ पासून, दर चार वर्षांनी) चौथी व आठवीचे गणित-विज्ञान तपासते आणि ‘पर्ल्स’ (२००१ पासून, दर पाच वर्षांनी) चौथीचे वाचन. या दोन्ही १९५८ मध्ये सुरू झालेल्या आयईए या शैक्षणिक मूल्यमापनाच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या. तिसरी ‘पिसा’ ओईसीडी या मुख्यतः विकसित देशांच्या आर्थिक सहकार्य संघटनेची, २००० पासूनची. ती इयत्ता पाहत नाही, पंधरा वर्षांच्या मुलांचे वाचन, गणित व विज्ञान पाहते. पिसाच्या २०२२ च्या फेरीत ८१ देश व प्रदेशांतील सुमारे ६,९०,००० विद्यार्थी बसले.

स्वतःच्या परीक्षा असताना बाहेरचे माप कशाला, याचे उत्तर मुंबईकर पालकाला दहावीच्या निकालातच सापडेल. राज्य मंडळाचा निकाल २०१८ मध्ये ८९.४१ टक्के, २०१९ मध्ये ७७.१० आणि २०२० मध्ये ९५.३० टक्के लागला. मुले वर्षभरात मठ्ठ होऊन पुढच्या वर्षी पुन्हा हुशार झाली, असे काही घडले नव्हते. भाषा विषयांचे तोंडी-अंतर्गत २० गुण २०१९ मध्ये काढले आणि नंतर परत दिले, हे त्यामागचे मोठे कारण. २०२१ मध्ये लेखी परीक्षाच झाली नाही, तेव्हा निकाल ९९.९५ टक्क्यांवर गेला. अशा आकड्यांवरून मुलांना दहा वर्षांपूर्वीपेक्षा जास्त येते की कमी, हे शिक्षणखात्याला कळूच शकत नाही. आंतरराष्ट्रीय चाचणीत प्रत्येक फेरीतील काही प्रश्न गुप्त ठेवून पुढच्या फेरीत जसेच्या तसे वापरतात. त्यामुळे माप तेच राहते आणि चढउतार खरा दिसतो. सहभागाचे हे सर्वांत भक्कम कारण आहे. वर्तमानपत्रांत गाजतो तो क्रमांक. क्रमवारीत शेजारी असलेल्या देशांमधला फरक अनेकदा नमुना घेतल्यामुळे येणाऱ्या त्रुटीच्या मर्यादेतच असतो.

प्रश्नांचा साचाही वेगळा. पिसाच्या एका प्रसिद्ध केलेल्या प्रश्नात सारख्याच जाडीचे दोन पिझ्झे आहेत : ३० सेंमी व्यासाचा ३० झेडला, ४० सेंमीचा ४० झेडला (झेड हे काल्पनिक चलन). कोणता परवडतो? क्षेत्रफळाचे सूत्र मुलाला पाठ असते. इथे तेच वापरायचे, हे मात्र कोणी सांगत नाही. किंमत तीनास चार वाढली, क्षेत्रफळ नवास सोळा. म्हणून मोठा परवडतो.

दुसरे कारण राजकीय. डिसेंबर २००१ मध्ये पिसाचे पहिले निकाल आले आणि जर्मनी तिन्ही विषयांत ओईसीडी सरासरीच्या खाली निघाली. तिथे शिक्षण राज्यांच्या हाती आहे. या धक्क्यानंतर राज्यांनी समान शैक्षणिक मानके मान्य केली आणि दिवसभराच्या शाळांसाठी केंद्राने ४ अब्ज युरो दिले. घरातल्या तज्ज्ञांनी वर्षानुवर्षे सांगितलेले बाहेरच्या अहवालाने एका दिवसात ऐकवले. याशिवाय कर्ज-अनुदान देणाऱ्या संस्थांची अपेक्षा, संयुक्त राष्ट्रांच्या शाश्वत विकासाच्या चौथ्या (शिक्षणाच्या) उद्दिष्टाखाली द्यावी लागणारी आकडेवारी आणि आपल्या संशोधकांना नमुना-निवडीचे तंत्र शिकवणे, हीही कारणे असतात.

काम किचकट असते. पिसासाठी साधारणपणे किमान १५० शाळा आणि प्रत्येक शाळेतून ४२ विद्यार्थी लागतात. वय १५ वर्षे ३ महिने ते १६ वर्षे २ महिने. मुंबईत ही मुले नववी, दहावी आणि काही अकरावीत, म्हणजे वेगळ्याच कनिष्ठ महाविद्यालयात विखुरलेली असणार. ‘दहावी अ’ची तुकडी उचलून बसवली तर नमुना बाद. पटावरील जन्मतारखांवरून यादी करायची आणि त्यातून यादृच्छिक निवड करायची. शाळांचा प्रतिसाद ८५ टक्के, विद्यार्थ्यांचा ८० टक्के हवा. वगळलेले ५ टक्क्यांच्या आत. चाचणी दोन तासांची, पण प्रत्येकाला प्रश्नांचा वेगवेगळा गट मिळतो, म्हणून एकट्या मुलाच्या गुणांना अर्थ नसतो. भाषांतर इंग्रजी व फ्रेंच मूळ प्रतींवरून दोघे स्वतंत्रपणे करतात, तिसरा जुळवतो. महापालिकेच्या शाळा आठ माध्यमांत चालतात, हे लक्षात घेतले की खर्चाचा अंदाज येतो.

चुकाही ठरावीक जागी होतात. २००६ मध्ये अमेरिकेच्या पुस्तिकांत पाने सरकली, ‘समोरचे पान पाहा’ ही सूचना चुकीच्या पानाकडे नेऊ लागली आणि वाचनाचे निकाल रद्द करावे लागले. २०१५ मध्ये शाळांचा प्रतिसाद अपुरा पडल्याने मलेशियाचे आकडे तुलनेबाहेर ठेवले गेले. २०१८ मध्ये स्पेनचे वाचनाचे निकाल रोखले : काही प्रांतांत चाचणी महत्त्वाच्या परीक्षांच्या तोंडावर आली आणि बऱ्याच मुलांनी सोपी वाक्येही न वाचता उत्तरे ठोकून दिली. जानेवारीत पूर्वपरीक्षा, फेब्रुवारी-मार्चमध्ये बोर्ड असलेल्या शहरात हे सहज समजेल.

भारत १९७० च्या सुमारास आयईएच्या अभ्यासात होता. पिसाची २००९ ची चाचणी तमिळनाडू व हिमाचल प्रदेश यांनी वाढीव फेरीत दिली. गणितात अनुक्रमे ३५१ व ३३८ गुण मिळाले आणि ७४ सहभागींत दोन्ही राज्ये तळाशी राहिली, त्यांच्याखाली फक्त किर्गिझस्तान. प्रश्नांचे संदर्भ परके असल्याचे सांगून भारत बाहेर पडला. काही प्रश्नांपुरते ते खरे मानले तरी पूर्ण पातळीचा खुलासा त्यातून होत नाही. मुंबईत जन्मलेल्या ‘प्रथम’ या स्वयंसेवी संस्थेचे ‘असर’ सर्वेक्षण देशी भाषांतला दुसरीच्या पातळीचा उतारा घेऊन घरोघरी जाते, तरी ग्रामीण भागातील पाचवीच्या निम्म्याच्या आसपास मुलांना तो वाचता येत नाही. (शहरे त्यात नसल्याने मुंबईचे चित्र यातून मिळत नाही.) चंडीगड, केंद्रीय व नवोदय विद्यालये घेऊन परतण्याचा करार २०१९ मध्ये झाला, पण २०२२ च्या फेरीत भारत नव्हता. सरकारचे देशांतर्गत सर्वेक्षण ४ डिसेंबर २०२४ रोजी तिसरी, सहावी व नववीसाठी झाले. त्याचे निकाल टक्क्यांत असतात. पिसाच्या गुणांशी ते जोडता येत नाहीत.