जुन्या गावठाणातल्या घरांची वायरिंग आणि अर्थिंग

महाराष्ट्रातल्या गावठाणात मातीची, धाब्याची, कौलारू घरं आधी झाली आणि लाईट कितीतरी वर्षांनी आली, त्यामुळे या घरांत वायर भिंतीवरून, तुळईवरून, चौकटीच्या कडेने फिरवलेली असते. अशा घरातली जुनी वायर काढणं, अर्थिंग (गळणाऱ्या करंटला जमिनीत जायची वाट) करणं, फ्यूजच्या जागी एमसीबी (जास्त करंट गेला की आपोआप पडणारा, म्हणजे बंद होणारा स्विच) आणि आरसीसीबी (करंट गळला की पडणारा स्विच) बसवणं या सगळ्याला गावात नुसतं ‘फिटिंग बदललं’ म्हणतात. म्हणताना डोळ्यासमोर नवे बोर्ड आणि पंखे येतात, पण जीव वाचवणारं काम मीटरशेजारच्या डब्यात आणि जमिनीत पुरलेल्या पाइपात असतं.

राज्याचं वीज मंडळ १९६० साली स्थापन झालं, २००५ साली त्याचं विभाजन होऊन गावोगावी वीज पोचवायचं काम महावितरणकडे आलं. गरीब घरांना कुटीर ज्योती योजनेत एका दिव्याचं कनेक्शन मिळायचं, २०१७ च्या सौभाग्य योजनेतही एक एलईडी दिवा आणि मोबाईल चार्जिंगचा एक पॉइंट एवढाच हिशोब होता. म्हणजे वायर ओढली ती एकदोन दिव्यांसाठी आणि आज त्याच वायरवर फ्रीज, कूलर, मिक्सर, पाण्याची मोटर आणि थंडीत पाणी तापवायचा रॉड चालतो. दीड हजार वॉटचा रॉड साडेसहा अँपिअर ओढतो आणि तो लावतात ५ अँपिअरच्या प्लगला, मग प्लग तपकिरी पडतो, जळका वास येतो आणि तरीही ‘चालतंय ना’ म्हणून तोच वापरत राहतात.

जुनं फिटिंग म्हणजे लाकडी पट्टी, तिच्यावर पत्र्याच्या क्लिपा, होल्डरखाली गोल लाकडी ब्लॉक, बॅकेलाइटची काळी बटणं आणि चिनीमातीचे किटकॅट फ्यूज. आमच्या गावच्या घरात दर दिवाळीला भिंतीबरोबर पट्टीलाही रंग मारायचे, इतके थर बसले होते की क्लिपा दिसतच नव्हत्या, शेवटी वायरमनने पट्टी ओढून काढली तेव्हा वायरवरचं रबर बोटाने दाबलं की बिस्किटासारखं तुटत होतं आणि माळ्यावरच्या एका जोडाला टेपऐवजी दुधाची पिशवी गुंडाळलेली निघाली. त्या जोडाखालीच गवताच्या पेंढ्या रचलेल्या असायच्या हे आठवलं की अजून पोटात गोळा येतो. पुष्कळ घरांत अॅल्युमिनियमची वायर आहे. ती तापून गार होऊन स्क्रूखाली सैल पडते, तिच्यावर गंज बसतो, जोड आणखी तापतो, आणि तिला तांब्याची वायर नुसती पिळून जोडली असेल तर हे अजून लवकर होतं.

किटकॅटमध्ये फ्यूजची बारीक तार घालायची असते, पण ती सारखी उडते म्हणून लोक वायरमधले तांब्याचे तीनचार धागे पिळून घालतात आणि मग फ्यूज उडतच नाही, आधी वायर जळते. दुसरी गोष्ट म्हणजे जुन्या घरात फेजला (करंट आणणाऱ्या तारेला) एक आणि न्यूट्रललाही (करंट परत नेणाऱ्या तारेला) एक असे दोन फ्यूज असतात. १९५६ च्या वीज नियमांनीच न्यूट्रलमध्ये एकटा फ्यूज नको असं सांगितलं होतं, कारण तो उडाला की लाईट जाते पण फेज घरभर तसाच राहतो, आणि लाईट नाही म्हणून माणूस बेधडक होल्डरमध्ये हात घालतो.

आता अर्थिंग. गावात एक समज पक्का आहे की अर्थिंग केलं म्हणजे शॉक बसत नाही. अर्धंच खरं आहे ते. समजा अर्थिंगचा पाइप पुरलेल्या खड्ड्याचा रेझिस्टन्स, म्हणजे करंटला होणारा अडथळा, २० ओहम आहे आणि फ्रीजच्या बॉडीला फेज चिकटला, तर २३० भागिले २० म्हणजे साडेअकरा अँपिअर करंट जमिनीत जाईल आणि १६ अँपिअरचा एमसीबी तसाच चालू राहील. फ्रीजची बॉडी जिवंत राहते, आणि त्याच अर्थिंगला जोडलेल्या कूलरच्या, मोटरच्या बॉडीतही करंट उतरतो. माणूस मरायला तर एवढाही करंट लागत नाही, रात्रभर जळणारा १५ वॉटचा झिरोचा बल्ब साधारण ६५ मिलीअँपिअर घेतो, तेवढाही जीव घेऊ शकतो, आरसीसीबी त्याच्या निम्म्यावर, ३० मिलीअँपिअरवर पडतो तो याचसाठी. जाणारा आणि परत येणारा करंट सारखा आहे का एवढंच तो बघतो आणि फरक दिसला की क्षणात लाईन तोडतो. फ्यूज किंवा एमसीबीला हा फरक कळायचा काही मार्गच नाही. म्हणून पैसे थोडे असतील तर मॉड्युलर बटणं राहू द्या, आधी ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी घ्या असं मी कुणालाही सांगेन. तो ओव्हरलोडला पडत नाही त्यामुळे एमसीबी हवाच, आणि एकाच वेळी फेज-न्यूट्रल दोन्ही धरले तर तोही काही करू शकत नाही. त्याच्यावरचं टेस्टचं बटण महिन्यातून एकदा दाबायचं.

अर्थिंग मात्र टाळायचं नाही. अडीच मीटरचा जीआय (जस्ताचा थर दिलेला लोखंडी) पाइप, भोवती मीठ-कोळशाचे थर, भिंतीपासून दीड मीटर लांब, अशी साधी पद्धत आहे. काळ्या मातीत ओल टिकते पण मे महिन्यात ती भेगाळून पाइपापासून सुटते, कोकणात जांभा लागतो आणि देशावर चारपाच फुटांवर मुरूम नाहीतर पाषाण, तिथे आडवा चर खणून धातूची पट्टी पुरावी लागते. न्हाणीचं पाणी जातं त्या बाजूला खड्डा घेतला तर उन्हाळ्यातही ओल राहते. मीठ पाइपाला खातं म्हणून काही वर्षांनी उकरून बघावं लागतं. हे सगळं करून फ्रीजची तिसरी पिन कापून दोन पिनच्या प्लगमध्ये खुपसली तर खड्ड्याचा उपयोग शून्य, आणि हे गावात मी सर्रास बघितलंय. न्यूट्रल गेला की सळई ठोकून जमिनीवरून न्यूट्रल घेणं त्याहून वाईट, कारण मग ती सळईच जिवंत होते आणि अंगणात पोरं, शेरडं त्याच ओल्या जागेवरून फिरत असतात.

पत्र्याच्या घरांचं दुखणं वेगळं आहे. सर्व्हिस वायर पत्र्याच्या कडेवर घासून सोलते, कपडे वाळत घालायची तार त्याच पत्र्याला किंवा अँगलला बांधलेली असते आणि पावसाळ्यात ओला कपडा टाकायला गेलेल्या बाईला करंट लागतो, तिला सोडवायला धावलेला नवरा किंवा मुलगाही चिकटतो. हा मृत्यू अडवायला खर्च दहावीस रुपयांचा आहे, लोखंडी तार काढायची आणि नायलॉनची दोरी बांधायची. खांबापासून मीटरपर्यंतची वायर आरसीसीबीच्या हद्दीत येतच नाही, ती सोललेली दिसली तर हात न लावता १९१२ वर फोन करायचा. कुणी चिकटलंच तर आधी मेन स्विच बंद, ते जमत नसेल तर कोरड्या लाकडाने ढकलायचं, हाताने ओढायचं नाही.

काम लायसन्स असलेल्या वायरमनकडून करून घ्यावं आणि त्याच्याकडे मेगर (वायरचं इन्सुलेशन तपासायचं यंत्र) आहे का विचारावं, ५०० वोल्टच्या मेगरवर वायरिंगचं इन्सुलेशन निदान १ मेगओहम दाखवायला हवं. जुन्या घरात आरसीसीबी बसवला की पहिल्याच पावसात तो सारखा पडतो, आणि मग ‘हा खराब आहे’ म्हणून त्याला बायपास करून देणारे वायरमनही भेटतात. तेव्हा एकेक लाईन बंद करून बघायची, ज्या लाईनवर पडतो तिथेच करंट उतरत असतो. आमच्याकडे तो न्हाणीच्या दिव्यावर पडत होता, फुटक्या कौलातून पाणी थेट होल्डरच्या लाकडी ब्लॉकमध्ये मुरत होतं आणि त्याच्याच खाली घरातली सगळी माणसं रोज ओल्या अंगाने उभी राहायची.