‘जपून’ हा शब्द आला कुठून?

स्पर्धा परीक्षांची तयारी करणाऱ्या मुलांना मी हा प्रश्न हमखास घालते.

विधान: एका सोसायटीने प्रत्येक फ्लॅटच्या नळाला मीटर बसवले. त्यानंतर तिथला महापालिकेच्या पाण्याचा वापर एक तृतीयांशाने घटला. म्हणजेच मीटरमुळे रहिवासी पाणी जपून वापरू लागले.

या युक्तिवादामागचं गृहीतक कोणतं?
(अ) घटलेलं पाणी रहिवाशांनी टँकरने भरून काढलं नाही.
(ब) पाणी वाचवण्याचा मीटर हाच एकमेव मार्ग आहे.
(क) पाणी जपून वापरणं ही प्रत्येक नागरिकाची जबाबदारी आहे.
(ड) मीटर बसवलेल्या सर्व सोसायट्यांमध्ये पाण्याचा वापर घटतो.

बहुतेक मुलं ‘क’वर खूण करतात. हुशार मुलंसुद्धा. ‘क’ वाचताना मान आपोआप डोलते, कारण ते वाक्य आपल्याला पटलेलं असतं. नेमकी इथेच गफलत होते. पटणं वेगळं आणि युक्तिवादाला त्याची गरज असणं वेगळं. इंग्लंडमध्ये जोनाथन इव्हान्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८३ मध्ये यावर प्रयोग प्रसिद्ध केले. तर्काने न निघणारा निष्कर्ष पटण्यासारखा असला की लोक तो ७१ टक्के वेळा बरोबर धरत; तितकाच चुकीचा पण न पटणारा असला की फक्त १० टक्के वेळा. तर्क दोन्हीकडे सारखाच कच्चा होता. हा दोष बुद्धीच्या कमतरतेचा नाही, आपल्या सगळ्यांच्या डोक्याची ती सवयच आहे. म्हणून ‘क’ निवडणाऱ्या मुलाला मी कधीच रागावत नाही.

मग शोधायचं कुठे? आधी निष्कर्षात नवीन शब्द कोणता घुसलाय ते बघायचं. आपल्या विधानात मोजलेली गोष्ट एकच आहे: महापालिकेचं पाणी कमी लागलं. निष्कर्षात मात्र ‘जपून’ आलं. मीटर लिटर मोजतो, जपणूक मोजत नाही. ‘कमी लागलं’पासून ‘जपून वापरलं’पर्यंत लिहिणाऱ्याने उडी मारली आहे, आणि त्या उडीखाली जे न बोलता धरून चाललंय तेच गृहीतक. विधानात स्पष्ट लिहिलेली गोष्ट गृहीतक नसते. विधानावरून पुढे काढता येणारी गोष्टही नसते. ती अनुमान झाली.

यानंतरची कसोटी नकाराची. पर्याय उलटा करायचा आणि निष्कर्ष तग धरतो का ते बघायचं. ‘अ’ उलटवा: रहिवाशांनी घटलेलं पाणी टँकरने भरून काढलं. मग जपून वापरलं कुठे? पाणी तेवढंच लागलं, फक्त दुसऱ्या नळीने आलं. निष्कर्ष कोसळला, म्हणजे ‘अ’ हवंच होतं. ‘ब’ उलटवा: पाणी वाचवायला इतरही उपाय आहेत. असू देत, या सोसायटीत मीटरने काम केलं असू शकतं. ‘एकमेव’, ‘केवळ’, ‘कधीच’ असे शब्द दिसले की जरा थांबावं. युक्तिवादाला सहसा इतकं मोठं काही लागत नाही.

‘ड’ उलटवताना मात्र मराठीच आपल्याला फसवते. ‘सर्व सोसायट्यांमध्ये वापर घटत नाही’ हे वाक्य मोठ्याने म्हणून बघा. एकाही सोसायटीत घटत नाही, की काहींमध्ये घटत नाही? आपल्या बोलण्यात दोन्ही अर्थ निघतात. पहिला धरला तर आपली सोसायटीही त्यात आली, विधानच मोडलं आणि ‘ड’ बरोबर वाटू लागतं. तर्कात ‘सर्व’चा नकार असतो ‘निदान एक तरी तशी नाही’. तो घेतला की दुसऱ्या कुठल्या सोसायटीत वापर घटला नाही एवढंच कळतं. आपल्या निष्कर्षाला त्याने धक्का लागत नाही.

आता, ‘अ’ खरं निघालं म्हणून निष्कर्ष सिद्ध झाला का? नाही. ते आवश्यक आहे, पुरेसं नाही. अमेरिकेत कायद्याच्या प्रवेशासाठी होणाऱ्या एलसॅट परीक्षेत हे दोन प्रश्न वेगवेगळे विचारतात: कशावाचून युक्तिवाद अडतो, आणि काय धरलं की तो पूर्ण होतो. आपल्याकडे सहसा पहिलाच विचारला जातो. यूपीएससीच्या पूर्वपरीक्षेतल्या सीसॅट या कलचाचणीच्या पेपरमध्ये ८० प्रश्नांना २०० गुण असतात आणि चुकीच्या उत्तराला त्या प्रश्नाचे एक तृतीयांश गुण कापले जातात. तिथे हा फरक माहीत असणं मोलाचं ठरतं.

हा सगळा विचार पश्चिमेकडून आला असं समजू नये. सतराव्या शतकातल्या अन्नंभट्टांच्या ‘तर्कसंग्रहा’त उदाहरण आहे: पर्वतावर अग्नी आहे, म्हणून तिथे धूर असणार. ऐकायला ठीक वाटतं. पण लोखंडाचा गोळा तापून लाल झाला की त्यात अग्नी असतो आणि धूर नसतो. धूर निघायला ओलं सरपण लागतं, आणि बोलणाऱ्याने ते मनातल्या मनात धरलेलं असतं. या लपलेल्या अटीला नैयायिक, म्हणजे आपल्याकडच्या न्यायशास्त्राचे पंडित, ‘उपाधी’ म्हणतात. चुलीत ओलं लाकूड सारलेल्या कुणालाही हे समजावून सांगावं लागत नाही. आपल्या प्रश्नात ‘टँकर आला नाही’ ही अट त्याच ओल्या सरपणाच्या जागी आहे.

हे उदाहरण सांगून झाल्यावर एकदा मागच्या बाकावरच्या मुलीने विचारलं, “मॅडम, आधीचा वापर मे महिन्यातला आणि नंतरचा जुलैतला असेल तर?” मे महिन्यात कूलर चालतात, झाडांना दोनदा पाणी लागतं. जुलैत पाऊसच पडत असतो. चारही पर्यायांत हे नव्हतं. पुढच्या वर्षीपासून ‘ब’ काढून मी तिथे तिचा पर्याय घातला, आणि प्रश्नही बदलला: आता बरोबर उत्तरं दोन आहेत, दोन्ही शोधा.